आधी वास

टेबलावर सगळ्यांच्या ग्लासात बियर होती. एकट्या सहदेवच्या ग्लासात सोलकढी. त्याच्या मुलीने, रुचिराने, ती स्वतः आणून ठेवली होती, सगळ्यांसारख्याच बुटक्या ग्लासात. चारचौघांत बाबांना वेगळं वाटू नये म्हणून. सहदेवला तरी वाटतच होतं. मरोळच्या त्या जुन्या कारखान्यात उंच छपराखाली चकचकीत टाक्या उभ्या होत्या, लांबलचक टेबलाला माणसं दाटीने बसली होती आणि हवेत तो वास भरला होता. सहदेव तोंडानेच श्वास घेत होता.

"आधी वास घ्या," रुचिरा पाहुण्यांना सांगत होती. "घाई नको. ही गव्हाची आहे, हिच्यात कोकम आहे. तिसऱ्यांचं सुकं खा, मग घोट घ्या."

लोकांनी तसं केलं. कुणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं. रुचिरा हसली. ही सगळी बियर तिने बनवलेली. जेवणही तिनेच ठरवलेलं, घरचं, मालवणी. एकेका पदार्थाला एकेक बियर. असं जेवण ती पहिल्यांदाच घालत होती.

"बघा तरी चेडवाकडे," प्रेमा लेकीकडे बोट दाखवत नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "कसा शोभता!"

सहदेवने मान वर केली नाही.

विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता तेव्हा सहदेव प्यायचा. थोडंथोडकं नाही. घाटकोपरच्या त्यांच्या खोलीत भांडी फुटायची, प्रेमाच्या पाठीवर वळ उठायचे. एकदा त्याने भिरकावलेला तांब्या पाळण्यातल्या निलेशच्या, रुचिराच्या धाकट्या भावाच्या, कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. पोरगं रडलंसुद्धा नाही, नुसतं बघत राहिलं. त्यानंतर सहदेवने सोडली, ती कायमची. रुचिरा तेव्हा दुसरीत होती.

"तिका काय आठवत नाय," प्रेमा त्याला सांगत आली. "ल्हान होता ता."

या एका वाक्याला धरून त्याने इतकी वर्षं काढली. कितीदा वाटलं, मुलीची माफी मागावी. तिच्या दहावीच्या निकालाला, ती पहिला पगार घेऊन आली तेव्हा. शब्द ओठांपर्यंत यायचे. पण माफी मागायची तर आधी तिला सगळं सांगावं लागलं असतं. ते त्याच्याने झालं नाही.

आणि ही पोरगी, मायक्रोबायोलॉजीत पहिली आलेली, गेली ती बियर बनवायला! सहदेव आठवडाभर तिच्याशी बोलला नव्हता. शेजारी विचारायचे तेव्हा तो 'केमिस्ट आहे' म्हणून वेळ मारून न्यायचा. इथे तो कधी फिरकला नाही. आज आला तोही प्रेमाने 'मी एकटी जाईन, मग बसा घरात' असं निक्षून सांगितलं म्हणून.

कोंबडी-वडे आले. त्यांच्याबरोबर काळी बियर आली. सगळ्यांना वाढून झाल्यावर रुचिरा आपलं ताट आणि ग्लास घेऊन सहदेवच्या शेजारच्या खुर्चीत येऊन टेकली. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळे आनंदाने चमकत होते.

"कसं झालंय, बाबा?"

"वडे चांगले आहेत."

"आणि बाकीचं?"

सहदेवने ताट थोडं पुढे सारलं. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळलं.

"जगात दुसरं काहीच नव्हतं का गं? एवढी शिकलीस. औषधं बनवायचीस, चीज बनवायचीस. हेच का?" त्याचा आवाज घसरला. "तू मला शिक्षा करतेयस. कर. माझी ना नाही. पण तसं सांगून तरी कर."

प्रेमाने टेबलाखाली त्याचा हात घट्ट दाबला. "ओ, गप ऱ्हवा. तिका काय आठवत नाय."

"आठवतं, आई," रुचिरा म्हणाली.

प्रेमाचा हात सैल पडला. शेजारी कुणीतरी मोठ्याने हसलं, ग्लासांची किणकिण झाली. रुचिरा वड्याचा तुकडा मोडत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि सहदेवला त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुम्ही दाराबाहेर ओट्यावर बसून चपला काढायचात. पटकन निघायच्या नाहीत, वेळ लागायचा. तेवढ्यात मी दाराच्या फटीला नाक लावायचे आणि आईला सांगायचे. देशी दारूचा वास असला की आई निलेशला उचलायची, आम्ही माळ्यावर चढायचो आणि शिडी वर ओढून घ्यायचो. तुम्ही खालून हाका मारायचात. आई माझ्या तोंडावर हात ठेवायची."

सहदेवला त्या हाका आठवत नव्हत्या. रिकामी खोली तेवढी आठवत होती, आणि सगळी गेली कुठे म्हणून आलेला संताप. त्याने इतकी वर्षं तिच्यापासून जे लपवलं, त्यातलं निम्मं त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"मग हा वास तुला सहन कसा होतो?" तो कसाबसा म्हणाला. "माझी तर मान वर होत नाही."

"हा तो वास नाही, बाबा." रुचिराने ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "कधीतरी पगाराच्या दिवशी तुम्ही बियर पिऊन यायचात. त्या दिवशी मारायचा नाहीत. मला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायचात, गाणी म्हणायचात. फटीतून बियरचा वास आला ना, की मी आईला न विचारता कडी काढायचे."