अर्थ न बदलता

साहेब, फरहतला नापास करायचं तुम्ही आधी ठरवलंत. पेपर मागाहून काढलात.

धायरीतली अंगणवाडी, पत्र्याची एक खोली. दुपारचे साडेबारा. एकोणीस पोरं खिचडी खातायत. फळ्यावर मुळाक्षरांच्या खाली इंग्रजी वाक्य लिहिलंय: आय नो हर इनोसन्स. त्याच्या खाली दुसरं: आय नो दॅट शी इज इनोसंट. फरहत पातेलं खरवडता खरवडता फळ्याकडे बघून पुटपुटते. नामाच्या जागी छोटं वाक्य बसवायचं, त्याला म्हणतात नाउन क्लॉज. सुमय्या, तिची मुलगी, कॉलेजला निघताना सांगून गेली होती, की अम्मी, घाबरू नको, क्रियापदाला 'काय' असं विचार, जे उत्तर येईल तेच ते. फरहत विचारत बसते. दोन आठवडे ऐकून ऐकून क्लॉज सुरू करणारे शब्द पोरांनाही पाठ झालेत. व्हॉट, दॅट, व्हेदर, हू. बडबडगीत म्हणावं तसं म्हणतात. आणि गाइडात दर पानावर एकच हुकूम: अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा.

फरहत इथली मदतनीस. सेविका निवृत्त झाली त्याला दोन वर्षं झाली, तिच्या जागी तुमच्या कार्यालयातून तुम्ही कुणाला पाठवलं नाहीत. तेव्हापासून शिकवणं, पोरांची वजनं, रजिस्टरं, खिचडी, सगळं फरहतकडे. सेविका व्हायचं तर बारावी लागते. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी दोनदा राहिलं. उद्या अकरा वाजता तिसऱ्यांदा पेपर. या खेपेला ही जागा भरली जाणार आहे. फरहत पास नसेल तर दुसरी कुणीतरी येईल, फरहतच्या पोरांना फरहतच्या फळ्यावर शिकवेल, आणि फरहत तिच्या हाताखाली पातेली घासेल.

पर्यवेक्षिका आम्रपाली मॅडम फेरीवर आल्या, तेव्हा फरहतने हात पुसून रजेचा फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, उद्या इंग्रजीचा पेपर आहे, एक दिवस रजा पाहिजे.

"पाहिजे?" मॅडम म्हणाल्या. "भाजी घेताय का, फरहतताई? नीट लिहा."

तिने दुसरा फॉर्म घेतला. पेपर असल्याने एक दिवसाची रजा मिळावी, ही नम्र विनंती. मॅडमनी तोही परत केला. परीक्षेचा उल्लेख नको, म्हणाल्या, परीक्षेला बसायची परवानगी घेतली होती का म्हणून वरून विचारतील, ते निस्तरत कोण बसणार. तिने तिसरा लिहिला. वैयक्तिक कारणास्तव. मॅडमनी वाचला, मान हलवली, पेनाचं टोपण काढलं. आणि थांबल्या. फॉर्मच्या तळाशी एक छापील ओळ होती: सेविकेची शिफारस व सही.

"इथे सेविका नाही," फरहत म्हणाली.

"मला माहितीये."

"मग?"

"मग शिफारस नाही. शिफारस नाही तर मी मंजूर कशी करू?"

फरहतने दोन वर्षांची रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली. पानापानावर सेविकेच्या रकान्यात तिचीच सही होती, शेजारी मॅडमचा शिक्का. रजिस्टरावर चालते तर फॉर्मवर का चालत नाही, एवढंच तिने विचारलं.

"स्वतःच्या रजेची शिफारस स्वतःच करणार?" मॅडम म्हणाल्या. "निकालही स्वतःच लावा मग."

बोलल्या आणि आपलंच बोलणं त्यांना नकोसं झालं. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर टेकल्या. हळू आवाजात सांगायला लागल्या, की उद्या नेमकी तपासणी आहे, पथक येणार, दाराला कुलूप दिसलं तर काय होतं ते गेल्या वर्षी शेजारच्या केंद्रावर बघितलंय, त्या बाईला घरी बसवलं. दुसऱ्या केंद्रावरून कुणाला एक दिवस पाठवता येईल का, फरहतने विचारलं. येईल की, मॅडम म्हणाल्या. सेविकेने लेखी मागणी केली तर.

एका पोरीने ताटली वर धरली. फरहतने तिला आणखी एक डाव खिचडी वाढली, तिचं नाक पुसलं, दुसऱ्याच्या तोंडाला लागलेलं शीत काढलं. मागे एकाने हळूच सूर लावला, व्हॉट, दॅट, व्हेदर, हू. तिने त्याला गप्प केलं नाही.

"मॅडम, ही शेवटची ओळ तुम्हाला पहिल्या फॉर्मलाच दिसायला हवी होती."

"मी वरची ओळ वाचत होते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या हातात काय आहे, फरहत? सगळं वरून येतं."

"वर कोण आहे?"

मॅडमनी पर्स उचलली.

फॉर्म संपले होते. फरहतने गाइडावर ठेवलेल्या वहीचं पान फाडलं. एका बाजूला सरावाची वाक्यं होती, तिने कोऱ्या बाजूला लिहिलं. नमस्कार नाही, विनंती नाही, खाडाखोड नाही. इथे दोन वर्षं सेविका नाही, हे आपल्याला माहीत आहे. माझ्या रजेची शिफारस कोणी करायची, ते आपण लिहून द्यावं. खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. कागद मॅडमच्या हातात दिला, म्हणाली, हा वर द्या, आणि पातेलं घासायला बसली.

तो कागद संध्याकाळी पाचच्या आत तुमच्या टेबलावर पोचला, साहेब. मॅडमनी स्वतः आणून दिला. चार ओळी मोकळ्याच आहेत. पेपर उद्या अकराला आहे. लिहा, सही कोण करणार?