मिरचीची फोडणी

"दंगल पुन्हा होईल का रे?" यासीनने पेपर खाली ठेवत विचारलं.

ब्याण्णवच्या दंगलीत तो आमच्या पोटमाळ्यावर लपला होता. जमाव दारात आला आणि वर त्याला खोकल्याची उबळ आली. माझ्या बायकोने लगेच तापल्या तेलात मूठभर मिरच्या टाकल्या. खोकत, शिव्या देत जमावच पळाला.

"झालीच, तर वहिनी नाहीत आता. तुला जमेल तशी फोडणी?"

"मला चहासुद्धा जमत नाही."

"मग मी मेलोच! ऊठ, शीक."

आम्ही दोघे म्हातारे गॅससमोर उभे राहिलो. मी मूठभर मिरच्या टाकल्या. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पुरे, जमलं," यासीन खोकत म्हणाला.

मी आणखी एक मूठ टाकली. ती गेल्यापासून मला कुणासमोर रडता आलं नव्हतं.