मूळ पत्रा

“बाबांची गाडी आहे ही. तिच्या मूळ पत्र्याला कुणी हात लावायचा नाही!” अशी गर्जना करून थोरल्या मुलाने दाराखालच्या पट्टीवर अभिमानाने थाप मारली, आणि त्याचा पंजा मनगटापर्यंत आत गेला.

“साहेब, ही गाडी पत्र्यावर नाही, रंगावर उभी आहे,” पत्र्याचं काम करणारा मिस्त्री म्हणाला.

पट्टी बदलली. ती जोडायला गेले तर दाराचा खांब हातात आला; खांब बसवायला गेले तर तळ. शेवटी एकीकडे चकचकीत गाडी, दुसरीकडे गंजाचा ढीग आणि मधोमध गोंधळलेला थोरला. त्याने आईलाच बोलावून आणलं.

“आई, खरं सांग. मी बाबांची गाडी वाचवली की भंगारात काढली?”

आईने गाडीभोवती चक्कर मारली, मग ढिगाभोवती.

“अरे, त्यांनी घेतली तेव्हाही ती अशीच कुजलेली होती. हा ढिगातला सगळा पत्रा त्यांनीच नवा बसवून घेतलेला. तेही असेच मधोमध उभे राहून मला विचारत होते, ‘यातली मूळ गाडी कोणती गं?’”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आधी दार उघडा, उभं राहून पाय दुखतायत माझे. तूही उघड.”