चुकून पडलेला भाव

गाडी कारखान्याच्या अंगणात वळली तेव्हा हिल्केला वाटलं, आला एक भांडायला.

सकाळपासून फोन थांबला नव्हता. तिचा नवरा दौवे शवपेट्या बनवायचा आणि त्या इंटरनेटवर विकायचं काम हिल्केकडे होतं. आदल्या संध्याकाळी भाव बदलताना तिच्या हातून प्रत्येक आकड्यातला दशांशाचा स्वल्पविराम दोन घरं अलीकडे पडला. सातशे युरोची पेटी सात युरोला झाली. कुणीतरी ती गंमत सगळीकडे पसरवली आणि सकाळपर्यंत मागण्यांचा ढीग लागला. एकाला पेटीत पुस्तकं ठेवायची होती, एकाला कुत्रा झोपवायचा होता. एका विद्यार्थ्याने तर सहा मागवल्या होत्या, पार्टीत बिअर ठेवायला.

द्राख्तन शहरातल्या वकीलबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "घाबरू नका. चूक उघड दिसतेय, कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त मागण्या रद्द करताना कुणालाही वगळू नका. एकाला त्या भावात दिलीत की बाकीचे डोक्यावर बसतील."

मग हिल्केने सगळ्यांना एकच उत्तर धाडलं. नावं वाचली नाहीत, मापं वाचली नाहीत. 'भाव चुकून पडला होता, हे कुणाही समंजस माणसाच्या लक्षात आलं असेलच. आपली मागणी रद्द केली आहे.' त्यातला 'समंजस' हा शब्द तिला फार आवडला होता. बरोबर टोचेल, असं वाटलं होतं.

गाडीतून तिशीतला एक माणूस उतरला. पुढच्या सीटवर एक बाई होती, ती बसूनच राहिली. माणूस दारात आला आणि पायपुसण्यावर बूट पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला.

"मी ओन्ने. रात्री मागणी नोंदवली होती. तुमचं उत्तर आलं."

"हे बघा," हिल्केने सकाळपासून पाठ झालेलं सुरू केलं, "आम्ही त्या भावाला बांधील नाही. सात युरोत शवपेटी मिळते का कुठे? तुम्हालाही ते कळलं असणारच."

"नाही कळलं." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "मोठ्या पेट्या मी बघितल्याच नाहीत. मी लहान मागवली होती. नव्वद सेंटिमीटरची."

मागे दौवेचा रंधा थांबला.

"मला वाटलं, लहान मुलांच्या पेटीचे कुणी पैसे घेत नसेल," ओन्ने म्हणाला. "भावाच्या जागी काहीतरी भरावं लागतं, म्हणून नावापुरते चार युरो लावले असतील. बायकोला दाखवलं. मुलगी गेल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. ते बघून म्हणाली, अशीही माणसं असतात बघ."



दौवे हात पुसत पुढे आला. "पेटी तयार आहे. घेऊन जा. पैसे नकोत."

"नको."

"अहो, घ्या म्हणतोय ना मी."

"त्यासाठी नाही आलो." ओन्नेने खिशातून कार्ड काढलं आणि आवाज खाली आणला. "तुमचं उत्तर मी तिला दाखवलेलं नाही. पूर्ण भाव घ्या. फक्त तिला कळू देऊ नका. तिला वाटतंय ते तसंच वाटू दे."

"पण आम्ही आता खरंच..."

"रात्री दिली असतीत तर घेतली असती," तो म्हणाला. "आता तुम्ही लाजेने देताय. ती मला उचलवणार नाही."

दौवेने बायकोकडे पाहिलं. कुणालाही वगळू नका, हे हिल्केच्या मनात आलं आणि ते आलं याचीच तिला शिसारी वाटली. तरी तिने कार्डाचं मशीन पुढे केलं. आकडा टाकताना स्वल्पविराम दोनदा तपासला.

पेटी पांढऱ्या लाकडाची होती. एकट्याला काखेत मारून नेता आली असती, पण दोघांनी दोन बाजूंनी धरली आणि सावकाश चालत नेली. हिल्के मागून गेली. आत थांबणं तिला जमेना.

गाडीची काच खाली आली. बाईच्या पायात अजून दवाखान्यातल्या सपाता होत्या. तिने हात बाहेर काढून हिल्केचा हात धरला.

"तुम्हीच ना त्या?"

"हो," हिल्के म्हणाली.

"तुमचे आभार कसे मानू, मला कळत नाही."

"नका मानू."

"नाही, ऐका. दवाखान्यात आमच्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा आहे. त्याची आई एकटीच असते. डॉक्टरांनी तिला आता स्पष्ट सांगून टाकलंय." बाईने हात सोडला नव्हता. "मी तिला सकाळी फोन केला. म्हटलं, बाकीचं काय व्हायचं ते होईल, पण पेटीची चिंता तू करू नकोस. तुमचा पत्ता देऊ ना तिला?"

गाडीच्या मागे ओन्ने डिकीच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. तो झाकण लावत नव्हता आणि वरही बघत नव्हता.

"द्या," हिल्के म्हणाली.

गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत ती अंगणात उभी राहिली. मग आत आली. फोन वाजत होता. तिने तो उचलला नाही.

"काय म्हणत होती ती?" दौवेने विचारलं.

"अजून एक करायला घे," हिल्के म्हणाली. "लहान."