घळीतले थांबे

ड्रायव्हरने दोन टॉवेल गुंडाळले आणि जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवले. हे झाले दोन डोंगर. मधल्या फटीत त्याने पेल्यातलं पाणी थोडं सांडलं आणि बोटाने लांबवर ओढत नेलं. ती घळीतली नदी. मग वाटीतला एकेक शेंगदाणा उचलून तो नदीच्या काठाने मांडत सुटला.

"ही काय, झाडं का?" बायकोने विचारलं.

"थांबे," तो म्हणाला.

उभा जन्म त्याने बस चालवली. पाठीवर पिशव्या लावलेल्या कितीतरी लोकांना त्या घळीच्या तोंडाशी, पुलावर उतरवलं. स्वतः मात्र पुलापुढे पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं, आणि नेमकी तेव्हाच ती आजारी पडली. आता आजार गेला होता, आणि येत्या रविवारी घळीत जायचंच हे तिनेच काढलं होतं. नवे बूट मऊ व्हावेत म्हणून ती ते घरभर घालून हिंडत होती. आत्ताही टेबलाखाली तिच्या पायांत तेच होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चाला, फिरा आणि मुख्य म्हणजे पोटभर खा. चालण्याचं तिने लगेच मनावर घेतलं. खाण्याचं काही जमेना. औषधांनी तोंडाची चव गेली ती गेलीच. काहीही खाल्लं तरी माती खाल्ल्यासारखं लागतं म्हणायची, दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. तो मुकाट्याने ताट उचलायचा. अशा रिकाम्या पोटाने ही चढणार कशी, या काळजीने त्याची झोप उडाली होती. पण तिला नाही म्हणायची छातीही होत नव्हती. म्हणून हे थांबे.

"हा पूल," तो म्हणाला. "उतरलो की जरा टेकायचं."

"बसमधून उतरून लगेच? का, बस ढकलत नेणार आहोत?"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "इथून दाट झाडी. सावली छान आहे, बसायचं. मग इथे नदी ओलांडायची, दगडांवरून. अलीकडे एक थांबा, पलीकडे एक."

"नदी केवढी आहे हो?"

"चार ढांगांची. वनरक्षकाला फोन करून विचारलंय मी."

"चार ढांगांना दोन थांबे!" ती हसली, पण लगेच तिचा चेहरा बदलला. "अहो, वर्षभर पडूनच होते मी. छताकडे बघून बघून कंटाळले. आता तरी मला सारखं बसवू नका."

त्याने कलंडलेला एक शेंगदाणा नीट जागेवर ठेवला.

"हा रद्द," ती म्हणाली आणि पुलावरचा शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "झाडीत बसून काय करायचं? मुंग्या चावतील. हाही रद्द." तोही गेला. नदीच्या दोन्ही काठांवरचे तर तिने एकदमच उचलले.

"अगं, पण पुढे खडकांचा चढ आहे, तिथे..." तो तावातावाने बोलू लागला आणि मध्येच गप्प झाला.

ती चावत होती. भांडणाच्या भरात तिचं तिकडे लक्षही नव्हतं. तिने चढावरचा थांबा खाल्ला, त्याच्या पुढचा खाल्ला, धबधब्याजवळचा खाल्ला, आणि नदीच्या पाण्याने ओलं झालेलं बोट साडीला पुसलं. त्याने श्वाससुद्धा जपून घेतला. झाडावर पाखरू येऊन बसावं आणि आपण हलू नये, तसा तो बसून राहिला.

"तुम्ही भाजलेत ना हे?" तिने विचारलं. "मीठ कमी पडलंय."

"पडलं का?" तो म्हणाला. त्याला टेबल धूसर दिसायला लागलं होतं. "बरं झालं सांगितलंस."

"त्यात काय बरं झालं? पुढचं सांगा. चढ संपला, मग?"

"मग..." त्याने वाटीत हात घातला. नदीकाठ संपला होता, वाट संपली होती, घळसुद्धा संपली होती. मूठभर शेंगदाणे घेऊन तो डोंगरावर थांबे मांडू लागला.