जाड रेघा

तपासनीस लास्कूबाई वर्गात शिरल्या तेव्हा बुकूर सर इलिंकाच्या चित्रावर नाक टेकवायच्या बेतात होते. ते चटकन ताठ झाले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. दोष चष्म्याच्या मागे होता, पण इयाशी शहरातल्या डॉक्टरांखेरीज त्याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

नाताळापासून त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलं होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसून जायचं. हे वरच्यांना कळलं असतं तर सरांना त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. सरांना घरी बसायचं होतंच, पण जूननंतर. सरकारी कलाशाळेच्या या शेवटच्या वर्षातली नऊ मुलं त्यांनी स्वतः निवडली होती, ती चौदा वर्षांची असताना, नुसता चित्रातला हात बघून. कुणी धनगराची मुलगी, कुणी बसचालकाचा मुलगा. एवढ्यांची परीक्षा पार पडलेली पाहायची होती त्यांना. मग डोळे गेले तर गेले.

आतापर्यंत सगळं बिनबोभाट चाललं होतं. कपाट दारापासून अकरा पावलांवर आणि खिडकी तिथून सात, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. शिवाय पोरं यंदा भलतीच शहाण्यासारखी वागत होती. वर्गात शिरताना प्रत्येक जण आधी नाव सांगायचा. "कासियान आलो, सर. नमस्कार." आणि चित्रं तर काय विचारता! कोळशाच्या रेघा दिवसेंदिवस जाड, काळ्या, ठसठशीत होत चालल्या होत्या. 'घाबरू नका, ओढा रेघ' असं सांगून चौतीस वर्षं घसा कोरडा केला, अखेर एका तुकडीने ऐकलं, म्हणून सर मनातल्या मनात फुशारले होते.

लास्कूबाई चित्रं टेकवलेल्या एकेका ईझलसमोर थांबत पुढे सरकल्या. शेवटच्या ईझलपाशी त्यांचा संयम संपला.

"ह्या काय रेघा म्हणायच्या? फावड्याने ओढल्यात की काय?"

"धीट झालीत पोरं," सर अभिमानाने म्हणाले.

"धीट? जूनमध्ये परीक्षक यातल्या एकालाही दहापैकी पाचच्या वर देणार नाहीत. नाजूकपणा म्हणून नाही कुणाच्या हाताला."

सर गोरेमोरे झाले. रुक्सांद्रा खोडरबराऐवजी ब्रेडच्या गराने कोळसा पुसत होती, तिने पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"घरच्या अभ्यासाच्या वह्या काढा," बाई म्हणाल्या.

"घरी राहिली, बाई," रुक्सांद्रा म्हणाली.

"माझीपण," इलिंका म्हणाली.

नवलच की, नऊच्या नऊ वह्या घरी राहिल्या होत्या! पण रुक्सांद्राची वही तिच्या पिशवीतून सरळ डोकावत होती. बाईंनी ती ओढून काढली, चार पानं उलटली आणि पाचव्यावर थांबल्या. त्यांचा आवाजच बदलला.

"अगं, हे तू काढलंस? काय तलम हात आहे! मग वर्गात असलं ओबडधोबड का काढतेस? बुकूर सर, हे पान बघा हो."

सरांनी वही हातात घेतली. पान कोरं होतं. त्यांनी ते उलटलं. पुढचंही कोरंच. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने पाहिलं, तरी कोरंच.

पाठीमागून कासियान ओठ न हलवता पुटपुटला, "बकरी आहे, सर. पाठमोरी. पिल्लू दूध पितंय."

म्हणजे दारात येऊन नावं सांगणं हे वळण नव्हतं, आणि रेघा धिटाईने जाड झाल्या नव्हत्या. ही पोरं अख्खा हिवाळा त्यांच्यासाठी जाड काढत होती आणि खरी चित्रं घरी चोरून काढत होती. दिसत असल्याचं आपलं सोंग वठलं असं सर समजत होते, आणि खरं सोंग तर पोरांनीच वठवलं होतं.

'बकरी झकास आहे' एवढं म्हटलं की जून गाठता येत होता. बाईंना संशयही आला नसता. नऊ जोड डोळे त्यांना तेच विनवत होते, एवढं मात्र न दिसताही त्यांना कळत होतं.

त्यांनी वही मिटली.

"लास्कूबाई, मला यातलं काही दिसत नाही. नाताळापासून दिसत नाही. पोरांचे हात बिघडलेले नाहीत. मला दिसावं म्हणून ती जाड काढतात. त्यांचे गुण कापू नका, काय कापायचं ते माझं कापा."

रुक्सांद्राला रडू फुटलं. "काय हो सर! सगळं जमत आलं होतं ना!"

बाई चित्रासाठी मॉडेलला बसवायच्या खुर्चीवर बसल्या.

"हे मला वर लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून गुण द्यायला दुसरे शिक्षक येतील." उठता उठता त्यांनी सरांच्या हातातली वही घेऊन रुक्सांद्राला परत दिली आणि त्या सरांकडे वळल्या. "तुम्ही वर्गात येऊन बसायचं नाही, असं मात्र नियमात कुठे लिहिलेलं नाही."

बाई गेल्या. सरांनी चाचपत एक स्टूल ओढलं आणि ते नऊ ईझलच्या मधोमध बसले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"आता बारीक काढा रे," ते म्हणाले. "हवं तेवढं बारीक. आणि काढताना काय दिसतंय ते मला सांगत जा. चुकलात तर ऐकूनही कळतं मला."