बोटाचा ठसा नाही

रुसून परगावी गेलेल्या आपल्या लेकीला काका दर वाढदिवसाला प्रूफ नाण्यांचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या आरशासारख्या चकचकीत नाण्यांचा, एक सेट पाठवायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरचं तिच्या जन्माच्या महिन्याचं पान फाडून त्यातच तो गुंडाळायचे. लहानपणी तिला नाण्यांचं भारी वेड होतं.

यंदाचा सेट घ्यायला ते गेले, तेव्हा दुकानदार खुशीत होता.

"काका, असा माल नशिबानंच हाती लागतो. सकाळी परगावाहून एक बाई आल्या, आठ सेट विकून गेल्या, क्षणभर टेकल्यासुद्धा नाहीत. प्रूफ नाण्याला नुसतं बोट लागलं तरी भाव उतरतो. इथे तर वरचा कागदही मीच काढला. मागेन ती किंमत येईल."

काकांची नजर टेबलाखाली गेली.



कचऱ्याच्या डब्यात कॅलेंडरची आठ पानं होती, सगळी एकाच महिन्याची.